इलाज मुलीचा की लग्नाचा?

मी १९ वर्षांची होते. चार-चार महिने पाळी येईना, हनुवटीवर केस येऊ लागले. आई मला पाथर्डीहून नगरला घेऊन आली. सोनोग्राफी पाहून डॉक्टर आईला म्हणाले, "पीसीओएस आहे. लग्न उरकून टाका, होईल ठीक." मी समोरच बसले होते. माझ्याशी कुणी बोललंच नाही.

लग्न हा यावरचा इलाज नाही. अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरकं जास्त असणं आणि बीजकोशात बऱ्याच लहान पुटिका दिसणं, या तीनपैकी दोन गोष्टी असल्या आणि दुसरा आजार नसला, तर पीसीओएसचं निदान होतं. यात बऱ्याच जणींच्या शरीरात इन्सुलिन नीट काम करत नाही, पुढे मधुमेहाचा धोका वाढतो. उपचारांनी बहुतेकींना मूल होतं. पण जिला मूल नकोच, तिलाही उपचार हवेतच ना?

१० नोव्हेंबर १९३८ रोजी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला. भाषण बाबासाहेबांचं, मांडणारे आपल्या नगर जिल्ह्याचे प्र. ज. रोहम. मूल हवं की नको, हे बाईनेच ठरवावं, ही त्यातली भूमिका. सभागृहाने ठराव फेटाळला. दवाखान्यात तो आजही फेटाळला जातो.

मी आता रोज चालते, गोळ्या घेते, साखर तपासते. वस्तीतल्या मुली कानाशी येऊन विचारतात, तेव्हा सांगते : लाजू नका, तपासा. आणि डॉक्टरांना म्हणा, आधी माझ्याशी बोला.

जयभीम!