वीस गुण

मराठीची तोंडी परीक्षा जवळ आली की तुमचे चेहरे कसे उतरतात, ते मी दरवर्षी पाहतो. माझाही उतरत असे. घरात दखनी, शाळेत उर्दू आणि मराठी फक्त बाजारात. मी 'घर मोठा आहे' म्हणालो की गल्लीतली मुले खो-खो हसत.

तुम्हांला ठाऊक नसेल, २०१८-१९ या वर्षी दहावीची ही तोंडी परीक्षा बंद झाली होती. अभ्यासक्रम नवा आला आणि भाषा विषयांतले शाळेच्या हातचे वीस गुण गेले. शंभरही गुण लेखी! मार्च २०१८ मध्ये राज्याचा निकाल ८९.४१ टक्के होता. २०१९ मध्ये तो ७७.१० टक्क्यांवर आला. मग वीस गुण परत मिळाले आणि २०२० चा निकाल ९५.३० टक्के लागला. एका वर्षात मुले मठ्ठ झाली आणि पुढच्या वर्षी हुशार झाली, असे कोण म्हणेल?

त्या २०१९ च्या वर्गात माझा एक विद्यार्थी होता. वडिलांबरोबर कपिलतीर्थ मंडईत लिंबे-कोथिंबीर विकायचा. गिऱ्हाइकाशी असे अस्सल कोल्हापुरी बोलायचा, की मी पिशवी हातात धरून ऐकत राही. लेखणी हाती घेतली की मात्र वेलांट्या आणि उकार त्याच्याशी वैर धरत. त्याला मराठीत बावीस गुण पडले. तो नापास झाला. निकाल हातात घेऊन त्याने मला विचारले, "सर, मला मराठी येतं का नाही? तुम्हीच सांगा."

त्या आठवड्यात शिक्षकांच्या खोलीत मी तावातावाने त्याची बाजू मांडली. एक वडीलधारे सहकारी म्हणाले, "प्रश्नपत्रिका सर्वांना सारखी असते. ती कोणाचे तोंड पाहून गुण देत नाही. गेल्या वर्षी तोंडी परीक्षेत तुम्ही सर्वांत कमी गुण किती दिलेत?"

मी गप्प झालो. सतरा दिले होते. तेही अशा मुलीला, जिने एक वाक्यसुद्धा उच्चारले नव्हते. मला तिची दया आली होती. (आम्हां शिक्षकांची दया फार स्वस्त असते!) पुढे ती भेटली तेव्हा म्हणाली, "सर, कॉलेजात मराठीत नाव सांगतानाही जीभ अडखळते." तिला मी काय दिले होते?

दहावी झालेल्या मुलाला मराठीत अर्ज लिहिता यावा, बातमी वाचता यावी, अनोळखी माणसाशी चार वाक्ये बोलता यावीत. ही अपेक्षा सर्व शाळांकडून सारखीच असावी. उर्दू शाळा म्हणून आपल्याला सवलत नको, असे मला मनापासून वाटते. पण ती नुसत्या लेखी पेपराने कशी तपासणार? मंडईत कोणी दूध मीटरने मोजत नाही. आणि तोंडी गुण खैरातीसारखे वाटले, तर तेही वजन खोटेच.

तो मुलगा जुलैच्या पुरवणी परीक्षेत पास झाला. परवा मंडईत भेटला. मी घाईत 'ती लिंबू' म्हणालो, तर हसून म्हणाला, "सर, ते लिंबू!"

सोमवारी तुमची तोंडी परीक्षा आहे. विषय बाजारहाटाचा. दोन मिनिटे बोलायचे आहे आणि सतरा गुण यंदा आपोआप मिळणार नाहीत.