दिराचा बेंजो आणि आठ हजारांचा डबा

मैत्रिणींनो, घरात मिक्सर घ्यायचा असला की आपण चार दुकानं पालथी घालतो. मोटार किती वॅटची, भांडी किती, गॅरंटी किती वर्षांची, सगळं खोदून विचारतो. पण मुलानं किंवा दिरानं गिटारचा ‘प्रोसेसर’ हवा म्हटलं, की एक तर ‘असली थेरं नकोत’ म्हणून विषय संपवतो, नाही तर ‘आण काय ते एकदाचं’ म्हणून पैसे काढून देतो. वस्तू काय आहे नि ती घरात आल्यावर काय करणार, हे दोन्ही वेळा आपल्याला ठाऊक नसतं. आमच्या घरी हा प्रश्न दोन वर्षांपूर्वी आला. त्या निमित्तानं मला जे समजलं, ते आज सांगते.

आम्ही भिवंडी तालुक्यातल्या पूर्णा गावात राहतो. ठाण्याहून कशेळीचा पूल ओलांडून भिवंडीकडे निघालं की काल्हेरच्या पुढं आमचं गाव. पूर्वी इथं भातशेती होती, आता जिकडं बघावं तिकडं गोदामं. हे एका गोदामात हिशेब बघतात. मी आठवड्यातून तीन दिवस शाळेत मराठी शिकवते. आणि माझे धाकटे दीर दिवसा गोदामात मालाची नोंद ठेवतात नि लग्नसराईत हळदीला बेंजो वाजवतात.

आमच्याकडच्या आगरी-कोळ्यांच्या हळदीला बेंजो नसला तर हळद लागली असं कोणी मानत नाही! हा बेंजो म्हणजे विलायती गोल बँजो नव्हे. ही लांबट पेटी असते, तिच्यावर टाइपरायटरसारखी बटणं नि आत तारा. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तारा छेडायच्या. कोणी ह्याला बुलबुलतरंगही म्हणतात. ह्याचं मूळ जपानी आहे, हे ऐकून मला नवल वाटलं होतं. 1912 साली जपानातल्या नागोया शहरात गोरो मोरिता नावाच्या माणसानं ‘ताइशोगोतो’ हे वाद्य तयार केलं. तेच इकडे येऊन आपलं झालं. रवी जाधव यांनी 2016 साली ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपट काढला, तोही मुंबईतल्या ह्याच वादकांवर.

तर दिरांच्या पार्टीच्या प्रमुखानं श्रावणात सांगितलं, “हात चांगला आहे तुझा, पण आवाज पत्र्यासारखा येतो. बाकीच्या पोरांकडं प्रोसेसर आहेत. तुळशीच्या लग्नापर्यंत सोय कर, नाहीतर मला दुसरा बघावा लागंल.”

त्यात आमच्या घरची वेगळी अडचण. आदल्या वर्षी सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. रात्री साडेनऊला दिवा मालवायचा, झोपमोड होऊ द्यायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि दीर कामावरून येणार नऊला! जेवून उठेपर्यंत बाबांची झोपायची वेळ. पुढच्या खोलीत छोटा अँप लावून ते पूर्वी तासभर वाजवायचे, ते बंदच पडलं होतं. सरावाला जागा नाही, नि सराव नाही तर सुपारी नाही.

“वहिनी, दादाला तुम्हीच सांगा,” दीर मला म्हणाले. ह्यांचं म्हणणं, “बाबांची तब्येत अशी, आणि ह्याला वाजवायचं सुचतंय.” सासूबाईंना दिरांनी समजावून सांगितलं, की हा डबा मिक्सरला जोडायचा असतो. त्या म्हणाल्या, “मिक्सर हाय की आपल्याकडं, कालच चटनी वाटली!” मग आवाजाचा मिक्सर वेगळा, हे सांगता सांगता पुरेवाट झाली.

माझा भिशीचा नंबर त्याच महिन्यात लागला होता. त्या पैशांत शिलाईमशीन घ्यायचं मी ठरवलं होतं. मी दिरांना म्हटलं, “पैसे देईन, पण उसने. नि आधी मला ही वस्तू नीट समजावून सांगा.” रविवारी ते पेटी उघडून बसले नि मी शेजारी वही घेऊन.

मला समजलं ते असं. बेंजोच्या किंवा गिटारच्या तारांखाली ‘पिकअप’ असतो, म्हणजे लोहचुंबक नि त्याभोवती बारीक तारेचे हजारो वेढे. पोलादी तार थरथरली की त्या वेढ्यांत वीज निर्माण होते, पण अगदी क्षीण. ती तशीच मोठ्या मिक्सरला दिली तर आवाजाचा गर निघून जातो नि चोथा उरतो. म्हणून आधी ‘प्रीअँप’ लागतो. तो ह्या क्षीण आवाजाला न बिघडवता पुढं पाठवण्याजोगा करतो. पत्र्यासारख्या आवाजाचं निम्मं औषध इथंच असतं.

दुसरं काम ‘इफेक्ट’चं. रिव्हर्ब म्हणजे मोठ्या दालनात वाजवल्यासारखा घुमारा. डिले म्हणजे प्रतिध्वनी. कोरसनं एकाचे दोन-तीन वादक वाटतात. कॉम्प्रेसर लहान आवाज उचलतो नि मोठा दाबतो. पूर्वी ह्या प्रत्येकाला वेगळं यंत्र लागे. रोलँड कंपनीनं 1974 साली ‘स्पेस एको’ काढला, त्यात प्रतिध्वनीसाठी खरीखुरी टेप फिरायची. डिजिटल यंत्रात टेप नाही नि स्प्रिंगही नाही. आवाज सेकंदाला साधारण 44,100 वेळा मोजायचा, सीडीसाठी मोजतात तेवढ्याच वेळा, त्याचे आकडे करायचे, आकड्यांवर गणित करायचं नि पुन्हा त्यांचा आवाज करायचा. नामांकित अँपच्या आवाजाची नक्कलही ह्याच गणितानं होते. लाइन 6 कंपनीचा ‘पॉड’ 1998 साली आला, तेव्हापासून ही नक्कल घराघरांत पोचली.

आणि तिसरी गोष्ट ऐकून मी पैसे द्यायचं नक्की केलं. ह्या डब्याला हेडफोन लावता येतो!

मग एका शनिवारी दीर नि मी मुंबईला गेलो. धोबीतलावला फुर्टाडोज आहे, 1865 सालापासूनचं. त्या भागात आणखीही दुकानं पाहिली. बेंजो आम्ही दुलईत गुंडाळून बरोबर नेला होता. तुम्हीही आपलं वाद्य न्यायला लाजू नका. दुकानातल्या भारी गिटारवर सगळेच डबे गोड वाजतात. आपल्या वाद्यावर काय वाजतं ते ऐकायचं.

वहीत मी लिहून नेलेले नि तिथं वाढवलेले प्रश्न देते.

एक, ‘शंभर आवाज आहेत’ ह्याला भुलू नका. दिरांच्या हातात शंभरांतले चार उरले. त्याऐवजी एकेक इफेक्ट वेगळा बंद करता येतो का, ते बघा. गिटारसाठी केलेला फाटका, गुरगुरणारा आवाज बेंजोला नको असतो. तो काढून टाकता आला पाहिजे.

दोन, जुळवलेला आवाज साठवता येतो का, नि तो पायानं बदलता येतो का? हळदीत दोन्ही हात गुंतलेले असतात. बटण पायाखाली दणकट हवं.

तीन, हेडफोनची जागा आहे का, नि त्याचा आवाज अगदी बारीक करता येतो का?

चार, सुरात लावण्यासाठी ट्यूनर आतच आहे का? असला तर वेगळा खर्च वाचतो.

पाच, अडॅप्टर डब्यासोबत मिळतो की वेगळा घ्यायचा? बिघडला तर दुरुस्ती कुठं होते? बिल घ्या नि जपून ठेवा.

आम्ही साधारण आठ हजारांच्या आतला, दोनच पायबटणांचा डबा घेतला. त्याहून दुप्पट किमतीचा बाजूलाच होता. पण दिरांच्या बेंजोवर दोन्हींतला फरक मला तर कळला नाहीच, त्यांनाही डोळे मिटून सांगता येईना. मग जास्तीचे पैसे कशाला?

आता वापराचं. ह्यातलं बरंच घरी करून पाहिल्यावर ध्यानात आलं.

अडॅप्टरवर तीन गोष्टी वाचायच्या: व्होल्ट, मिलीअँपिअर आणि टोकाची खूण. अशा बऱ्याच डब्यांना 9 व्होल्ट लागतात नि टोकाच्या मध्यभागी ऋण असतं. घरातले पुष्कळसे अडॅप्टर उलटे, मध्यभागी धन असलेले असतात. आकार तोच, म्हणून खुपसला की डबा कामातून जाऊ शकतो. मी आमच्या अडॅप्टरवर नि डब्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिलाय. ठिपक्याला ठिपका, बाकी काही लावायचं नाही.

डबा थेट मोठ्या मिक्सरला लावला, तर स्पीकरची नक्कल करणारी सोय चालू ठेवायची. गिटारच्या अँपला लावला तर ती बंद करायची, कारण अँपला स्वतःचा स्पीकर असतोच. नाहीतर आवाज गोधडीतून आल्यासारखा येतो.

घुमारा जागा बघून घालायचा, मीठ घालतो तसा. उघड्या मांडवात भिंती नसतात, तिथं थोडा जास्त चालतो. मंगल कार्यालयात भिंतीच इतक्या घुमतात, की तिथं कमी करायचा. दीर कर्कश पट्टीचा आवाज थोडा उतरवतात, किंचित कॉम्प्रेसर देतात, आणि प्रतिध्वनी अगदी पुसट ठेवतात. प्रमुखानं पहिल्याच हळदीत ऐकलं नि मान डोलावली. दुसरा वादक बघायचं बोलणं तिथंच थांबलं.

गुणगुण ही आमच्याकडची खास कटकट. भिवंडी म्हणजे यंत्रमागांचं गाव. आमच्या मागच्या गल्लीतही लूम चालतात. त्यांच्या मोटारी नि घरातल्या चार्जरमुळं पिकअपमध्ये घूंऽऽ असा आवाज शिरतो. डब्यात नॉइज गेट असतो, तो वाजवणं थांबल्यावर आवाज बंद करतो. पण आधी फुकटचे उपाय करा. मोबाइल दूर ठेवा, नि वाद्य थोडं फिरवून बसा. एका दिशेला गुणगुण निम्मी होते. वायर गिटारचीच, आवरण असलेली नि गरजेपुरती लांब घ्या. पावसाळ्यात डबा दमट कोपऱ्यात ठेवू नका, नि कापसाची तूस उडत असेल तर वर फडकं टाका.

आणि हेडफोन. भारत सरकारच्या 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकरला बंदी आहे. वस्तीत रात्रीची मर्यादा 45 डेसिबलची. शेजाऱ्यांचे कान त्यानं वाचतात, पण हेडफोन घालणाऱ्याचे कान कोण वाचवणार? जागतिक आरोग्य संघटना मोठ्या माणसांसाठी 80 डेसिबल, आठवड्याला 40 तास, अशी सीमा सांगते. आवाज त्याहून वाढला तर तास कमी करायचे. आमचा साधा नियम आहे. हेडफोन घालून वाजवताना मी शेजारी उभी राहून साध्या आवाजात हाक मारली, नि ती ऐकू आली नाही, तर आवाज कमी! बटणांची टकटक मात्र हेडफोननं जात नाही. त्यासाठी बेंजोखाली घडी केलेली गोधडी घालतो.

अशी सगळी घडी बसली. बाबा साडेनऊला झोपत, दीर पुढच्या खोलीत हेडफोन घालून अकरापर्यंत वाजवत. मला तर फार बरं वाटलं. महिना-दीड महिना गेला. एकदा दुपारी मी बाबांना गोळ्या देत होते. ते खालच्या आवाजात म्हणाले, “पोऱ्या आता वाजवत नाय कं? माझ्या दुखन्यापायी सोरला त्यानं?”

मी चमकलेच. दीर पूर्वीपेक्षा दुप्पट वाजवत होते, पण घरात कोणालाच ते ऐकू येत नव्हतं. आणि हा म्हातारा माणूस रोज अंधारात पडून, आपल्या आजारानं मुलाचं वाजवणं बंद पाडलं म्हणून झुरत होता. झोप मिळावी म्हणून आम्ही जी शांतता विकत आणली, तिनंच त्यांची झोप उडवली होती.

त्या रात्री मी दिरांना सांगितलं. ते काही बोलले नाहीत. रविवारी संध्याकाळी त्यांनी हेडफोन काढून डबा छोट्या अँपला लावला, बाबांच्या खाटेशी बसले नि हळू आवाजात एकवीरा आईचं गाणं वाजवलं. बाबांनी बोटानं खाटेच्या कडेवर ताल धरला. मग म्हणाले, “यो आवाज चांगला हाय. पहिला डब्यासारखा यायचा.” सासूबाई आतून म्हणाल्या, “आता डब्यातूनच येतंय ते!”

तेव्हापासून रविवारी सहा ते सात उघड्यावर वाजवायचं, बाकी दिवस हेडफोन, असं ठरलं आहे. डॉक्टरांनाही विचारून घेतलं. ते हसून ‘चालेल’ म्हणाले.

दिरांनी माझे पैसे दोन लग्नसराईंत, वहीत तारखा टाकून, फेडले. शेवटचा हप्ता गेल्या वैशाखात मिळाला नि शिलाईमशीन घरात आलं. तेव्हा मैत्रिणींनो, घरात कोणी असलं काही मागितलं तर वस्तू समजून घ्या, आपलं वाद्य नेऊन घ्या, पैशांचा हिशेब लिहून ठेवा. आणि वाजवणाऱ्याला आठवड्यातून एकदा तरी हेडफोन काढायला लावा. घरात कोण ऐकत असतं, ते सांगता येत नाही.