नावाचे घड्याळ

लोक घड्याळ घेतात ते वेळ कळावी म्हणून, असा माझा पुष्कळ वर्षे समज होता. त्याला कारण माझ्या मनगटावरचे घड्याळ. ते अण्णांचे. एचएमटीचे 'जनता'; पांढरी तबकडी, तीवर देवनागरीत 'जनता' ही अक्षरे, आणि रोज सकाळी किल्ली दिली नाही तर दुसऱ्या दिवशी रुसून बसण्याचा स्वभाव. अण्णा भिवंडीत यंत्रमागाच्या एका कारखान्यात हिशेबनीस होते. पाळी संपली की अजून पाच मिनिटे आहेत, यावरून कामगारांत आणि शेठजींत रोज कुरबुर व्हायची. मग दोन्ही पक्ष मागांच्या त्या खडखडाटात अण्णांच्या मनगटाकडे पाहात. त्या घड्याळाचा शब्द कोणी मोडल्याचे मला आठवत नाही.

माझा हा समज २०१९ च्या श्रावणात संपला. शाळेतला एक जुना सोबती घरी चहाला आला. काल्हेरच्या बाजूला त्याच्या वडिलांची भातशेती होती. आता तेथे गोदामे आहेत. भिवंडीबाहेरच्या वाचकाला हे सांगायला हवे. काल्हेर, पूर्णा, राहनाळ, माणकोली, दापोडे या गावांतून आज पाहावे तिकडे पत्र्याची लांबच लांब छपरे दिसतात. तुम्ही मुंबईत बसून फोनच्या पडद्यावर बोट टेकवता आणि जी चीजवस्तू मागवता, ती बहुधा एखादी रात्र आमच्याकडच्या शेतावर मुक्काम करूनच तुमच्या दारी येते. तर सांगायचे ते हे की, माझा मित्र आता भाताऐवजी भाडे पिकवतो. त्याने कपाकडे हात नेला तो अशा बेताने, की सदऱ्याची बाही आपोआप मागे सरावी. मनगटावर रोलेक्स होते. दुबईहून आणलेले.

"अजून अण्णांचंच घड्याळ का रे?" त्याने विचारले. त्याच्या बोलण्यात कुत्सितपणा मुळीच नव्हता, हेच मला अधिक लागले.

रात्री मी भाच्याला सहज, म्हणजे दोन दिवस विचार करून, अशा घड्याळाची किंमत विचारली. त्याने सांगितलेला आकडा कित्येक लाखांचा होता. माझा चेहरा पाहून तो म्हणाला, "मामा, खरं कशाला घेतोस? फर्स्ट कॉपी घे ना."

फर्स्ट कॉपी! मी मास्तर माणूस. माझ्या मनात वेगळेच चित्र उभे राहिले. पहिल्या बाकावरच्या मुलाचा पेपर पाहून दुसऱ्या बाकावरचा लिहितो, ती फर्स्ट कॉपी. पानिपताचे साल तेथवर १७६१ असते. चौथ्या बाकावर ते १७१६ होते आणि शेवटच्या बाकावर पानिपतात आपण जिंकलेलो असतो. अशा पेपरांवर लाल शाई ओढण्यात माझ्या आयुष्याची वीस वर्षे गेली आहेत. तरीही त्या रात्री मी भाच्याच्या शेजारी बसून चीनमधल्या एका विक्रेत्याची घड्याळे तास दीड तास पाहात होतो. काळी तबकडी, हिरवी तबकडी, सोनेरी कडे. आणि प्रत्येकीवर तोच पाच टोकांचा मुकुट. दोन हजार सहाशे रुपये, टपालखर्चासह. पैसे माझ्या बँकेच्या कार्डातून गेले. घरात मात्र मी ही गोष्ट बोललो नाही. सौ. ने विचारले तेव्हा म्हणालो, "पुस्तक मागवलंय." नकली घड्याळ घरात येण्याआधीच त्याचा गुण लागला होता.

पार्सल महिनाभर वाटेत होते. ते निघाले ग्वांगझौहून. त्या शहरात रेल्वे स्टेशनाजवळ घड्याळांचे मोठमोठे घाऊक बाजार आहेत, आणि तेथून अस्सल-नक्कल दोन्ही प्रकारचा माल जगभर जातो, असे भाचा सांगे. मी मात्र त्या दिवसांत उगाच कायद्याची पुस्तके चाळली आणि झोप घालवून बसलो. आपल्या कस्टम्सच्या १९६२ च्या कायद्यात १२३ वे कलम आहे. सरकारने चोरटा म्हणून जप्त केलेला माल चोरटा नाही, हे काही वस्तूंच्या बाबतीत ज्याच्याकडे तो सापडला त्यानेच सिद्ध करावे, असे ते कलम सांगते. आणि त्या वस्तूंत सोन्याच्या पंक्तीला घड्याळांचे नाव स्पष्ट घातलेले आहे. एके काळी मुंबईच्या किनाऱ्यावर परदेशी घड्याळे चोरून उतरत, त्या काळाची ही खूण. शिवाय दुसऱ्याची व्यापारमुद्रा लावलेला खोटा माल अडवण्याचे २००७ चे नियम निराळेच. दारावर कोणी जोरात कडी वाजवली की मला बॅलार्ड इस्टेटमधले विदेश डाकघर आठवे.

परंतु माझ्या पार्सलाला कोणी हटकले नाही. धनत्रयोदशीच्या दुपारी पोस्टमन ते देऊन गेला. वर चिकटवलेल्या कागदावर विक्रेत्याने किंमत दहा डॉलर लिहिली होती आणि मालाचा प्रकार 'भेट'. माझ्या पैशाने मीच मला भेट पाठवली होती! (पुढे त्याच डिसेंबरात सरकारने टपालाने येणाऱ्या अशा भेटींची वाट बंद केली. सवलत ठेवली ती दोनच वस्तूंना; जीव वाचवणारी औषधे आणि राखी. हा नियम लिहिणारा अधिकारी बहिणींचा लाडका असला पाहिजे.)

खोक्यातून पुस्तक निघाले नाही हे सौ. ने पाहिले; पण सणाचा दिवस, ती काही बोलली नाही. उलट, "आजच्या दिवशी धातूची वस्तू घरात आली, बरं झालं," असे म्हणून तिने ते घड्याळ पूजेच्या ताटात धने-गुळाशेजारी ठेवले आणि त्याच्या काचेवर हळदकुंकू वाहिले. त्या वेळी मला जितके ओशाळे वाटले तितके क्वचितच वाटले असेल. तरी दुसऱ्या दिवशी मी ते हाती बांधलेच. जडपणा मोठा मोहक होता. तारखेवर जे छोटे भिंग असते ते खऱ्या रोलेक्समध्ये तारीख अडीच पट मोठी दाखवते. माझ्या भिंगातून तारीख होती तेवढीच दिसे. पण तेवढ्या जवळून माझ्या मनगटाकडे कोण पाहणार होते?

पाहिले ते नववीतल्या एका मुलाने. सुट्टी संपून शाळा सुरू झाल्यावर पहिल्याच आठवड्यात, तास संपल्यावर तो टेबलापाशी घुटमळत राहिला. त्याचे आजोबा घड्याळजी. मंडईकडे जाणाऱ्या गल्लीत एका जिन्याखाली त्यांची टपरीवजा बैठक आहे, हे मला ठाऊक होते. मुलगा म्हणाला, "सर, आजोबा म्हणतात, आख्ख्या आयुष्यात त्यांनी खरं रोलेक्स दोनदाच उघडलंय." मग जरा थांबून, "हे खरं आहे, सर?"

मी कादंबऱ्या लिहितो. न घडलेल्या गोष्टी घडल्याप्रमाणे सांगण्याचा परवानाच माझ्याजवळ आहे. पण वाचक पुस्तक उघडतो तो हा करार पत्करून. या मुलाने तसला काही करार केलेला नव्हता. मी म्हणालो, "हो."

त्याने उजव्या हाताचे बोट आधी पँटला पुसले आणि मग घड्याळाच्या काचेला लावले. नुसते टेकवले, आणि काढून घेतले.

त्यानंतर मी त्या वर्गावर जाताना घड्याळ खिशात ठेवू लागलो. ते मुलाच्या लक्षात आले असावे. महाग वस्तू म्हणून सर जपतात, अशी त्याने आपली समजूत करून घेतली असणार.

२०२० साल लीप वर्षाचे. फेब्रुवारी २९ दिवसांचा, आणि घड्याळाची तारीख तर बिचारी एकतीसपर्यंत मोजत जाणारी. एक मार्चच्या सकाळी ती ३० दाखवू लागली, म्हणून सुधारण्यासाठी मी चावी ओढली. ती दांड्यासकट माझ्या बोटांत आली. काटे जागच्या जागी. चीनच्या विक्रेत्याला लिहिले तर त्याचे उत्तर नाही. गावातल्या एका दुकानदाराने घड्याळ हातात न घेताच सांगितले, "असली कामं आता तो म्हाताराच करतो." कोणता म्हातारा, हे मला विचारावे लागले नाही.

मुलगा त्या वेळी शिकवणीला असेल असा हिशेब करून मी संध्याकाळी गेलो. हिशेब चुकला. तो जिन्याच्या पायरीवर बसून आजोबांची वही लिहीत होता. मला पाहून तो उठून उभा राहिला आणि आजोबांना म्हणाला, "हेच ते!" आजोबांनी त्याला चहा सांगायला पिटाळले.

मग त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि मागचे झाकण फिरवले. वेळ फार लागला नाही. "गुरुजी, कोणी भेट दिलं?" त्यांनी विचारले. माणूस मोठा शहाणा. मला निसटायला वाट ठेवली होती.

"नाही. मीच मागवलं. ठाऊक असून मागवलं."

"असं," ते म्हणाले. "मशीन वाईट नाही हो. सेकंदाला सहा ठोके. आताच्या खऱ्या रोलेक्सचे आठ असतात."

त्या दिवशी माझ्या हातावर अण्णांचे घड्याळ होते. त्यांनी तेही मागून घेतले, उघडले आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. 'जनता' सेकंदाला पाच पावले टाकते, हे मला तोवर माहीत नव्हते. आजोबा चिमट्याच्या टोकाने दाखवत म्हणाले, "हे चिनी मशीन म्हणजे जपानच्या मियोटाची नक्कल. मियोटा म्हणजे सिटिझन कंपनीचं. आणि तुमचं जनता? एकसष्ट साली बंगळूरला घड्याळाचा कारखाना निघाला, तो सिटिझनशीच करार करून. त्यांचंच बघून आपली माणसं शिकली. एका घराण्यातलीच ही दोन्ही."

मी दोन्ही यंत्रांकडे पाहात राहिलो. मित्रापुढे ज्याची मला लाज वाटली ते अण्णांचे घड्याळही पाहून-शिकूनच तयार झालेले. पण ते विचारून शिकले होते, आणि शिकल्यावर तबकडीवर आपले नाव घातले होते. तेही आपल्या लिपीत. रोलेक्स हे नाव तरी काय? हान्स विल्सडॉर्फ नावाच्या गृहस्थाने १९०८ साली नोंदवून घेतलेला एक शब्द. छोटा, कोणत्याही भाषेत उच्चारता येणारा, त्याला धड अर्थही नाही. माझे सव्वीसशे रुपये गेले ते त्या शब्दासाठी. यंत्राला त्याची काही गरज नव्हती.

आणि मला आमचे गाव आठवले. भिवंडीच्या मागांवर जे कापड निघते त्याला ग्रे म्हणतात; कोरे, मळकट, बिननावाचे. ते ट्रकांतून गुजरातेत, राजस्थानात जाते, तेथे धुतले-रंगवले जाते, आणि कोणाचे तरी नाव लेवून दुकानात येते. अण्णांनी तीस वर्षे त्या कापडाचे मीटर मोजले. आपण मोजलेला सदरा कुठे भेटला तर त्यांना ओळखता आला नसता.

"मलाही धुतल्या तांदळासारखा समजू नका, गुरुजी," आजोबा एकाएकी म्हणाले. ते गल्लीच्या तोंडाकडे पाहात होते. नातू अजून यायचा होता. "सोळा साली सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचं ठरवलं, तशी या जुन्या घड्याळांना मागणी आली. परदेशातसुद्धा. मुंबईत पडक्या मशिनांवर नव्या तबकड्या रंगवून बसवतात आणि जुनं अस्सल म्हणून बाहेर धाडतात. तिकडचे शौकीन आता अशा मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात म्हणे. त्यातली काही या हातांनी जोडलीत. जोडताना मला ठाऊक होतं."

म्हणजे ग्वांगझौचे घड्याळ मनगटावर बांधून मी भिवंडीत फिरत होतो, त्याच वेळी कोणी परदेशी मास्तर या जिन्याखालचे घड्याळ बांधून आपल्या वर्गावर जात असेल! मला हसू आले. ते आजोबांच्या लक्षात आले आणि तेही हसले. पण ते हसणे फार टिकले नाही, कारण मुलगा चहा घेऊन आला.

त्याने कप ठेवले, पायरीवर बसून वही उघडली. तीत रकाने आखलेले होते; तारीख, गिऱ्हाईक, घड्याळ, काम, पैसे. तारखेखाली त्याने तारीख घातली. गिऱ्हाइकाखाली 'सर' एवढेच लिहिले. घड्याळाच्या रकान्यात 'रोलेक्स' लिहिले. मोठ्या सुवाच्य अक्षरात, परीक्षेतही त्याने कधी काढले नव्हते तसल्या. आजोबा भिंगातून चावीचा दांडा न्याहाळत होते. त्यांनी मान वर केली नाही. ती वर करायची नाही, असे त्यांनी ठरवलेले असावे.

"काम काय लिहू, आजोबा?"

"थांब," मी म्हणालो. "आधी घड्याळाच्या रकान्यात, रोलेक्सच्या पुढे लिही. नक्कल."

त्याचे पेन थांबले. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. आजोबांसमोर उघड्या पडलेल्या घड्याळाकडे पाहिले. मग वहीत डोके घालून त्याने लिहिले, 'नकल'.

"क ला क," मी म्हणालो.

त्याने दाटीवाटीने वरून आणखी एक क बसवला. आजोबांनी डोळ्यावरचे भिंग काढले. "साठ रुपये होतील," ते म्हणाले. "मंगळवारी या."