सेफिरॉथ : एक अभागी वीर

दुष्टाचा तिरस्कार करणें सोपें असतें. १९९७ सालीं जपानांत निघालेल्या 'फायनल फँटसी सेव्हन' ह्या व्हिडिओ गेममधील खलपुरुष सेफिरॉथ ह्याचा आम्हांसही प्रथम तिरस्कारच वाटला. हातीं 'मासामुने' नांवाची अतिशय लांब तलवार, आणि आकाशांतील अशनि ग्रहावर ओढून आणणारी मंत्रविद्या!

परंतु त्याची पूर्वकथा कळतांच आम्ही विचारांत पडलों. तो गर्भांत असतांनाच शास्त्रज्ञ होजो ह्यानें प्रयोगासाठीं त्याच्या ठायीं 'जेनोव्हा' ह्या परग्रहावरील प्राण्याच्या पेशी घातल्या. आणि हा होजो त्याचा जन्मदाता पिता! माता लुक्रेशिया हिला तान्ह्या बाळास एकदांही कुशींत घेतां आलें नाहीं. पुढें तो नामांकित योद्धा झाला. पण आपण कोण, हें त्यास कोणींच सांगितलें नाहीं. निबेलहाइम गांवच्या वाड्याच्या तळघरांत जुने ग्रंथ चाळून त्यानें भलताच अर्थ काढला : जेनोव्हा आपली माता, आणि मानवजात तिच्या कुळाची द्रोही! संतापानें त्यानें सारें गांव जाळलें. त्या आगींत कथानायक क्लाउड ह्याची निरपराध आई मेली.

येथें आमची कींव थांबते. मातेस मुकलेल्यानेंच दुसऱ्याची माता हिरावून घ्यावी काय? वडील मंडळींनीं मुलांपासून सत्य लपवूं नये, आणि आम्हीं विद्यार्थ्यांनीं अर्धवट वाचून कोणास वैरी ठरवूं नये, एवढें तरी ह्या अभाग्यापासून शिकावें.