नमुना आणि माल

गेल्या वर्षी घरच्या घरी अंडेविरहित केक करून देण्यास मी आरंभ केला. पहिली मागणी केशर-पिस्त्याच्या केकची होती. नमुना म्हणून पाठविलेले छायाचित्र मी रात्री, स्वयंपाकघरातील पिवळ्या दिव्याखाली काढले होते. केक पोहोचला आणि दूरध्वनी आला, "फोटोत रंग गडद होता. केशर कमी घातले का?" केशर मापानेच घातले होते, परंतु ते पटवून कसे देणार?

सासऱ्यांना सारे सांगितले. भिवंडीत कापडाच्या व्यापारात त्यांची हयात गेली. ते म्हणाले, "सूनबाई, कापडाचा रंग कोणी दिव्याखाली पारखतो का? ताका उजेडात न्यावा लागतो. नमुना एक आणि माल दुसरा दिसला, तर ग्राहकाचा काय दोष?" पैसे परत करावयासही त्यांनीच सांगितले.

त्या दिवसापासून उत्तरेकडील खिडकी हेच माझे छायाचित्रगृह झाले. खिडकीजवळ पाट मांडते, त्यावर केक ठेवते आणि घरातील दिवे मालवते. दोन प्रकारचे उजेड मिसळले की रंग बिघडतो. उजेड प्रखर असल्यास खिडकीवर मलमल ताणते. खिडकीच्या समोरच्या बाजूस पांढरा पुठ्ठा उभा केला की सावली सौम्य होते. बाजूने येणाऱ्या उजेडात केकची जाळी स्पष्ट दिसते. थर दाखवायचे असल्यास फोन केकच्या उंचीवर धरते, वरची सजावट दाखवायची असल्यास थेट वरून. भिंग आधी मऊ कापडाने पुसते. मग पडद्यावर केकला बोट लावून उजळपणा किंचित उतरविते, म्हणजे क्रीमची नक्षी पुसट होत नाही. शेजारी एक पांढरी बशी असतेच. छायाचित्रात बशी पांढरी दिसली, तर केशराचा रंगही खरा समजावा.

यात नवे काहीच नाही. मुंबईत १८५४ साली छायाचित्रकारांची संस्था स्थापन झाली, तेव्हा विजेचे दिवे नव्हतेच. सारी भिस्त सूर्यप्रकाशावर होती. उत्तरेचा स्थिर उजेड चित्रकारांनी आणि छायाचित्रकारांनी पूर्वापार पसंत केला आहे.

आपल्या घरांत सूर्यास्तापूर्वी भोजन आटोपण्याची शिस्त आहे. आता माझे छायाचित्रही त्याच वेळेत आटोपते. त्यात केशराचा रंग पूर्वीपेक्षा फिकट दिसतो, म्हणजे जसा असतो तसाच. दिवाळीनंतर त्याच घरातून पुन्हा मागणी आली. या वेळी छायाचित्र पाठविताना हात कचरला नाही.