लोखंडी गोळा

वयाच्या ५७ व्या वर्षी आम्ही ८ किलोंचा केटलबेल प्रथम उचलला आणि पुढे दोन दिवस आम्हांस सदऱ्याची गुंडीही लावता येईना. मूठ असलेला हा लोखंडी गोळा मूळचा रशियातला; तेथे तो धान्य तोलण्याच्या कामी येई. तेथील जुन्या मापाचे नाव ‘पूड’. सुमारे १६ किलोंचे हे माप नवशिक्याचीच पूड करते! तेथवर पोचावयास आम्हांस चौदा महिने लागले. गोळा हाताने ओढावयाचा नसून कंबरेच्या झोक्याने उचलावयाचा असतो, हे बुद्धीस एका दिवसात पटले; पाठीस पटावयास वर्ष गेले.

निवृत्तीनंतर पुण्यातील घराच्या पडवीत आम्ही लहानशी व्यायामशाळा उघडली. पुंजी बरीच आटली. तीन महिने तेथे आम्ही आणि आरसा, असे दोघेच! घरची मंडळी काही बोलली नाहीत. पण त्या मौनाचे वजन कोणत्याही गोळ्याहून अधिक होते.

चौथ्या महिन्यात शेजारच्या काकू आल्या. त्यांना नातवास जमिनीवरून उचलता येत नसे. परवा त्यांनी त्यास अलगद कडेवर घेतले. नातवाचे वजन ११ किलो. आम्ही २४ किलोंचा गोळा उचलतो, हे लोकांस सांगण्याचा आमचा मोह त्या दिवशी सुटला.