ढकलून चालणारी करवत

आमच्याकडे लोखंड म्हातारे होऊन मरत नाही, पावसाने मरते. मसुऱ्यात मृग लागला की गड नदीचा ओलावा घरात शिरतो; कपाटातल्या कपड्यांना बुरशी येते, आणि हत्यारांचे तर विचारूच नका. अब्बांची करवत असे कितीतरी पावसाळे माळ्यावर पडून होती. या वर्षी त्यांनी स्वतःच खाटेवरून सांगितले, "ती खाली काढ. सारखी कर." कशासाठी, ते बोलले नाहीत. मीही विचारले नाही.

अब्बा मोगल लाइनच्या जहाजांवर सुतार होते. १८७७ ची ही जुनी कंपनी मुंबईहून हाजींना जिद्द्याला नेत असे. १९८६ मध्ये ती शिपिंग कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाली आणि १९९५ नंतर समुद्रमार्गे हजला जाणेच थांबले. करवत अब्बांनी चोरबाजारातून घेतलेली, पात्यावर शेफिल्डचे नाव. या शेफिल्डला १७४० च्या सुमारास बेंजामिन हंट्समन नावाच्या घड्याळजीने मुशीत पोलाद वितळवायची रीत बसवली, आणि पुढे तिथली पाती जगभर गेली. त्यातले एक भरतगडाच्या पायथ्याशी येऊन पोहोचले.

नोकरी सुटल्यावर अब्बांनी गावात दारे-खिडक्या केल्या. पण वाडीला ही करवत आठवते ती दुसऱ्याच कामासाठी. मय्यत कबरीत ठेवली की तिच्यावर माती पडू नये म्हणून फळ्या तिरप्या लावतात. त्या फळ्या अब्बा कापत. पैसे घेत नसत. पावसाळ्यात वीज गेलेली, अंगणात कंदील, आणि आंब्याच्या लाकडातून करवत चाललेली; तो आवाज आला की चार घरे पलीकडच्यालाही कळे, कोणीतरी गेले. आजीच्या गोष्टीत करवत येई ती हजरत जकरिया लपले होते ते झाड चिरताना. त्यामुळे लहानपणी मला त्या आवाजाची दुहेरी भीती. पुढे फळ्या लाकडाच्या गिरणीतून कापून येऊ लागल्या. चार वर्षांपूर्वी अब्बांचा उजवा हात अर्धांगवायूने गेला.

दुरुस्तीला शेजारचे मेस्त्रीकाका आले. सत्तरी ओलांडलेले, पण नजर शाबूत. त्यांनी आधी पाते डोळ्यासमोर धरून दातांच्या रेषेत पाहिले, वाक आहे का ते. मग टोक किंचित वाकवून सोडले. पाते सरळ झाले आणि बारीक वाजले. "ह्या पाता अजून जिता आसा," म्हणाले.

पुतण्याने फोनवर पाहून कोकमाच्या आगळात बुडवायला सांगितले. आंबटाने गंज सुटतो खरा, पण आगळात मीठ असते. गंज काढायला गंजाचेच खाद्य! शिवाय आंबट जास्त वेळ राहिले तर पात्यावरचे नावही खाऊन टाकते. आम्ही रॉकेल लावून, पत्ती आडवी धरून गंज खरवडला, मग लाकडाच्या ठोकळ्याला पॉलिशपेपर गुंडाळून घासले. नावाच्या जागी हात हलका. दोन संध्याकाळी गेल्या. मूठ वाळवीने पोकळ केली होती. काकांनी फणसाची नवी केली आणि जुनेच पितळी स्क्रू बसवले.

खरे काम दातांचे. आधी सपाट कानस सगळ्यांच्या डोक्यावरून फिरवून उंची एक करायची, मग तीनधारी कानशीने एकेक खाच. त्यानंतर दात आळीपाळीने डावीकडे, उजवीकडे किंचित वाकवायचे. नाहीतर चीर अरुंद पडते आणि पाते लाकडात अडकते. वाकवायचा तो फक्त वरचा अर्धा दात, मुळापासून वाकवला तर तुटतो. शेवटी पुन्हा धार. हल्ली दुकानात मिळणाऱ्या बऱ्याच करवतींचे दात निळसर, इतके कडक केलेले असतात की कानस त्यांच्यावरून घसरते. बोथट झाली की फेकायची. मला तो प्रकार आवडत नाही, पण स्वस्त असतो हे मान्य.

इथेच दोघा म्हाताऱ्यांचे वाजले. आपल्याकडचा सुतार जमिनीवर बसून, लाकूड पायाने दाबून, करवत स्वतःकडे ओढतो, दातही तसेच. विलायती करवत पुढे ढकलताना कापते, त्यासाठी उभे राहावे लागते. काका मला म्हणाले, "दात उलटे कर रे, म्हणजे तुका बसान कापूक येतला." सल्ला शहाणपणाचा होता. मी कधी करवत धरलेली नाही, आणि आमच्या अंगणात सुताराचे उंच बाकही नाही.

"नाय," खाटेवरून आवाज आला. "ती ढकलूनच चलतली."

काकांनी माझ्याकडे पाहिले. पुढे कोणी बोलले नाही. दात होते त्याच दिशेने घासले.

दुसऱ्या दिवशी मी जुनी दोन स्टुले जोडून त्यावर आंब्याची फळी ठेवली. किती लांब कापू, असे विचारल्यावर अब्बांनी डावा हात खाटेच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत नेला. आई स्वयंपाकघरात निघून गेली. मी उभा राहून करवत ढकलली. भुसा पडू लागला, ओल्या कैरीसारखा वास आला. अब्बांनी डोळे मिटले होते.

"टोकाकडलो एक दात उंच आसा," ते म्हणाले.

मेस्त्रीकाकांनी अंगठ्याने दात चाचपत नेले, टोकाजवळ थांबले आणि माझ्याकडे कानस मागितली.